घोषणा झाल्याशिवाय उठायचं नाही

माझ्या आत्याला दोन आवाज आहेत, एक घरातला आणि एक नोकरीवरचा.

घरातला आवाज इतका बारीक की जेवताना मीठ हवं असलं तर ती मागत नाही, शेजारच्याच्या कोपराला बोट लावते. मग मीठ हवंय, पाणी हवंय की मुंगी चावलीय, ते आपलं आपण ओळखायचं. नोकरीवरचा आवाज मात्र सगळ्या गावाला पाठ आहे. सव्वीस वर्षं ती बसस्थानकावर घोषणा करते. "प्रवाशांनी कृपया लऽक्ष द्यावे. नऊ वाजून वीस मिनिटांनी सुटणारी गाडी फलाट क्रमांक सहाऐवजी, मी पुन्हा सांगते, सहाऐवजी, फलाट क्रमांक दोनवर लाऽगलेली आहे." त्या 'पुन्हा सांगते'नंतर ती एक श्वास घेते. तेवढ्या वेळात फलाटावरचे प्रवासी ना धड उठलेले असतात, ना धड बसलेले.

तिची खोली म्हणजे कपाटाला दार लावलं तर जेवढी होईल तेवढी. समोरच्या काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर तिने स्वतः वर्तमानपत्र चिकटवलं आहे. माणसाचं तोंड दिसलं की तिला घोषणा करताच येत नाही. नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तिचा सत्कार झाला. तिला स्टेजवर बोलावलं, हातात माईक दिला. ती नमस्कारातला 'न' म्हणाली आणि खाली उतरली. स्थानकप्रमुख म्हणाले, "बाई मोजकंच, पण छान बोलल्या."

तिचा एकच धर्म आहे, घोषणा झाल्याशिवाय गाडी हलत नाही. एकदा एका ड्रायव्हरने पुकारा व्हायच्या आधीच गाडी काढली, तर तिने कंट्रोलरला सांगून ती फाटकातून मागे आणवली. गाडीतले प्रवासी खिडकीतून शिव्या देत होते. आत्या म्हणे आत बसून शांतपणे पाणी प्यायली, मग रीतसर दोनदा पुकारलं आणि मग गाडी सोडली.

अशा बाईने यंदा सुट्टीत आशियाला जायचं ठरवलं.

"आशियाला म्हणजे कुठे, ताई? आत्ता बसलोय तोही आशियाच," माझे बाबा म्हणाले. बाबा आत्याचे धाकटे भाऊ, त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. "उतरल्यावर कुणाला विचारणार, भाऊ, आशिया कोणत्या गल्लीत?"

"बेट आहे," आत्या पुटपुटली.

"हं?"

"बेट आहे म्हणते." हा तिचा घरातला सर्वांत मोठा आवाज.

बेट होतं खरंच. तिथे जायला मध्ये एका मोठ्या शहरात विमान बदलायचं होतं. पहिलं विमान सकाळी पोचणार आणि दुसरं दुपारी एक दहाला सुटणार. हे दुसरं विमान आठवड्यातून दोनदाच जात असे, मंगळवारी आणि शुक्रवारी. आत्या, बाबा आणि मी जाणार होतो मंगळवारी आणि परतीचं विमान होतं रविवारी, दुसऱ्या मार्गाने. मंगळवारचं चुकलं तर पाच दिवसांच्या सुट्टीतले तीन दिवस विमानतळावरच्या खुर्चीत जाणार होते. आत्याला सव्वीस वर्षांत सलग रजा मिळाली नव्हती, कारण तिच्या जागी येणारी मुलगी फलाट क्रमांक नेहमी चुकवायची. रजेचा अर्ज दोनदा परत आला होता, तिसऱ्यांदा मंजूर झाला.

"गाड्या बदलणं माझ्यावर सोपवा," आत्या म्हणाली. आम्ही सोपवलं. या विषयात तिच्याहून जाणकार माणूस आमच्या घरात नव्हता.

मधल्या शहराच्या विमानतळावर आम्ही साडेदहाला उतरलो. पुढच्या विमानाच्या बोर्डिंग पासवर दार क्रमांक बेचाळीस छापला होता. बेचाळीसला जाऊन आम्ही तीन खुर्च्या धरल्या. समोरच्या भिंतीवर ओठांवर बोट ठेवलेल्या बाईचं मोठं चित्र होतं.

"बघ ताई," बाबा म्हणाले, "तुझी बहीण इथे नोकरीला आहे."

आत्या हसली नाही. ती हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून बसली होती. बसस्थानकावर ज्यांची गाडी उशिराने येणार असते ती माणसं बरोबर अशीच बसतात.

बारा वाजून पाच मिनिटांनी बाबा पाणी आणायला गेले. तिघांचे पासपोर्ट आणि पुढच्या विमानाचे पास त्यांच्या गळ्यातल्या कापडी पिशवीत होते. फोन मात्र माझ्या शेजारच्या खांबाला, चार्जिंगला लावलेला. "पाच मिनिटांत आलो," असं म्हणाले. बाबांची पाच मिनिटं आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहेत.

आमच्या आसपासची माणसं एकेक करून उठायला लागली. आधी एक जोडपं उठलं, मग फोनमध्ये डोकं घातलेला एक मुलगा, मग आणखी चौघं. मी आत्याकडे पाहिलं.

"उतावळे असतात," ती माझ्या कानाशी म्हणाली. "आमच्याकडेही असेच. कुठेतरी गाडी दिसते आणि पळतात. मग परत येतात, घाम पुसत. घोषणा झाल्याशिवाय उठायचं नाही."

परत कुणी आलं नाही.

आणि तेव्हा मला ते ऐकू आलं, म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. दीड तास झाला होता, हजारभर माणसं इकडून तिकडे जात होती आणि छताकडून एक शब्दही आला नव्हता. चाकाच्या बॅगांची खरखर, कुणाचं तरी बाळ, कॉफीच्या यंत्राचं फुसफुसणं, बाकी शुकशुकाट. मी मान वळवून दारावरचा पडदा पाहिला. तिथे आमच्या बेटाचं नाव नव्हतं, दुसऱ्याच कुठल्या शहराचं होतं.

मी धावत मोठ्या फलकापाशी गेले. बेट, एक दहा, दार क्रमांक अकरा. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, दार बारा पन्नासला बंद. शेजारी बाण होता, अकराकडे, चालत अठरा मिनिटं. घड्याळात बारा अठ्ठावीस झाले होते.

बेचाळीसच्या काउंटरवर एक मुलगी होती. मी शाळेतलं सगळं इंग्रजी गोळा करून विचारलं, दार बदललं तर सांगितलं का नाही?

"इथे घोषणा होत नाहीत," ती म्हणाली. विमानतळाला ताप आहे आणि तो आत्ताच झोपलाय अशा आवाजात. "हा शांत विमानतळ आहे. सगळं पडद्यावर असतं."

मी ते आत्याला सांगितलं. दार बदललं याचं तिला काही वाटलं नाही, दारं बदलतातच. तिचा चेहरा उतरला तो पुढच्या वाक्याने.

"होत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे करतच नाहीत कधी."

"मग माणसांना कळतं कसं?"

"आत्या, बाबा कुठायत?"

पास बाबांच्या गळ्यात होते, तेव्हा आम्ही दोघी पळूनही काही उपयोग नव्हता. मी आत्याला तिथेच ठेवून पळाले. पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दारात उभी राहून हाक मारली, "बाबा". आतून तीन माणसांनी वळून पाहिलं, तिघंही कुणाचे तरी बाबा असावेत, आमचे नव्हते. पाण्याच्या नळापाशी नव्हते, पुस्तकांच्या दुकानात नव्हते. चष्म्याचं एक दुकान दिसलं तेव्हा मला खात्री वाटली की इथेच असणार, फ्रेमा हातात घेऊन भाव विचारत. तिथेही नव्हते. परत आले तेव्हा बारा तेहतीस. म्हणजे आता चालून भागणार नव्हतं, पळायलाच हवं होतं.

आत्या काउंटरवरच्या मुलीसमोर उभी होती आणि बोटाने तिच्या टेबलावरचा माईक दाखवत होती. मुलगी मान हलवत होती. माईक फक्त आग लागली तर, ती म्हणाली. आत्याने माझ्याकडे पाहिलं. "तिला सांग, माणूस हरवलाय." मी सांगितलं. मुलीने कागदाचा एक फॉर्म पुढे केला.

आत्या वळली, खुर्च्यांच्या रांगांकडे तोंड करून उभी राहिली. तिने छाती भरून श्वास घेतला. हा श्वास मला माहीत होता, याच्यानंतर 'प्रवाशांनी' येतं. समोर दोनशे तोंडं होती. तिचे ओठ हलले, मानेवरची शीर फुगली, आणि काहीच आलं नाही. एका बाईला वाटलं तिला चक्कर येतेय, तिने उठून खुर्ची देऊ केली.

बारा पस्तीस झाले.

"मी ओरडू?" मी विचारलं.

बाजूला अत्तराच्या जाहिरातीचा पुरुषभर उंच फलक उभा होता. आत्या चालत गेली आणि त्याच्या मागे शिरली. खालून फक्त तिच्या चपला दिसत होत्या, टाचा जोडून ठेवलेल्या.

आणि फलकामागून आमचं बसस्थानक बोललं.

"प्रवाशांनी कृपया लऽक्ष द्यावे. एक वाजून दहा मिनिटांनी बेटाकडे सुटणारे विमान दार क्रमांक बेचाळीसऐवजी, मी पुन्हा सांगते, बेचाळीसऐवजी, दार क्रमांक अकरावर लाऽगलेले आहे. निळा स्वेटर घातलेले, गळ्यात कापडी पिशवी असलेले, पाणी आणण्यासाठी गेलेले प्रवासी जिथे असतील तिथून त्यांनी बेचाळीसकडे यावे. त्यांचे कुटुंब त्यांची वाऽट पाहत आहे."

कॉफीच्या यंत्रापाशी उभा असलेला माणूस कप भरून वाहिला तरी तसाच उभा होता. काउंटरवरची मुलगी दोन्ही हातांनी 'हळू, हळू' करत होती, पण कुणाला करायचं ते तिला दिसत नव्हतं.

एक श्वास घेऊन तेच सगळं इंग्रजीत आलं. बसस्थानकावर परगावच्यांसाठी करतात तशी घोषणा. "अटेन्शन प्लीज" पासून "गेट नंबर इलेव्हन" पर्यंत, प्रत्येक शब्द सुटा, धुऊन वाळत घातल्यासारखा.

तेव्हा खुर्च्यांमध्ये हालचाल झाली. बेचाळीसलाच, आमच्यासारखीच ताठ बसलेली आणखी माणसं होती. त्यांनी खिशातून पास काढले, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पासकडे पाहिलं. जुळ्यांना घेऊन बसलेली एक आई उठली. सारख्या टोप्या घातलेलं एक म्हातारं जोडपं उठलं. मग अख्खी एक रांग.

बाबा डावीकडून आले, एक बूट पायात, एक हातात. ते पाय चेपणाऱ्या खुर्चीत बसले होते.

"मला डुलकी लागली होती," ते धापा टाकत म्हणाले. "ताईचा आवाज आला आणि पाय आपोआप उठले. वाटलं, दुकानाला उशीर झाला."

"पळा," आत्या म्हणाली. पुन्हा घरातल्या आवाजात.

मी खांबावरून फोन ओढून घेतला आणि आम्ही पळालो. सरकत्या पट्ट्यावरून पळताना पाय आपल्या मालकीचे राहत नाहीत. बाबांनी दुसरा बूट घातलाच नाही. मी मागे पाहिलं तर सगळे येत होते, बॅगा खडखडत, जुळी कडेवर दोन बाजूंना, सगळ्यांत मागे टोपीवाली आजी, आणि तिच्याही मागे टोपीवाले आजोबा, एका हाताने गुडघा धरून.

अकराला पोचलो तेव्हा बारा बावन्न झाले होते. दारावरच्या माणसाने वाट अडवणारा आडवा पट्टा ओढून लावला होता.

"बंद झालं," तो म्हणाला. बाबांनी तिन्ही पास पुढे केले. त्याने ते पाहिलेही नाहीत. काचेतून विमान दिसत होतं, पायऱ्या अजून लागलेल्या. बाबा विनवायला लागले, मराठीत. मी इंग्रजीत. तो भिंतीसारखा.

तेवढ्यात मागचे येऊन पोचले. त्या माणसाने मान उंचावली.

"हे सगळे? किती जण आहेत?"

मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी आत्याकडे. आत्या त्या माणसाच्या अगदी समोर होती, मध्ये फलक नव्हता, काच नव्हती, वर्तमानपत्र नव्हतं. तिने वळून बोटाने मोजलं, जुळ्यांचे दोन वेगळे धरून. मग त्याच्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "फोर्टीन." आवाज फाटला, पण आला.

त्याने फोन उचलला. तीन माणसं सोडून जाता येतात, चौदा माणसांच्या बॅगा विमानातून शोधून उतरवायला तासभर जातो, असं मला नंतर बाबांनी समजावलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की तो 'चौदा' म्हणाला, मग पलीकडचं ऐकलं, मग पुन्हा 'चौदा' म्हणाला. काट्याने त्रेपन्न ओलांडलं. त्याने फोन ठेवला आणि पट्टा सोडला.

"लवकर."

बाबा गेले, मी गेले, जुळी गेली, बाकीची गेली. मी आतून वळून पाहिलं तर आत्या दारातच उभी होती, एक पाय आत, एक बाहेर.

"तेरा," ती म्हणाली.

टोपीवाले आजोबा अजून सरकत्या पट्ट्याच्या त्या टोकाला होते. टोपीवाली आजी आतून काहीतरी म्हणत होती, तिच्या भाषेत, सारखं तेच. दारावरच्या माणसाने दाराला हात घातला.

"ताई, आत ये," बाबा म्हणाले. "तुला बाहेर ठेवून दार बंद करेल तो. शुक्रवारपर्यंत बसशील इथे."

"बसेन."

"अगं, तो कोण आपला?"

"पुकारलंय मी," आत्या म्हणाली. "माझ्या पुकाऱ्यावर उठलाय तो."

त्या माणसाने तिला बाजूला व्हायची खूण केली. ती झाली नाही. त्याने घड्याळ दाखवलं. तिने घड्याळाकडे पाहिलं, मान डोलावली, आणि तिथेच उभी राहिली. सरकता पट्टा संपला, आजोबा जवळजवळ पडलेच, सावरले, शेवटची पन्नास पावलं लंगडत आले. आत्याने त्यांचा दंड धरला, त्यांना आधी आत घातलं, "चौदा" म्हणाली, आणि मग दुसरा पाय आत घेऊन दार सोडलं.