शिडीवरून पडलेला पुंजा

कुसाबाईच्या अंगठ्यावर रेघाच उरल्या नव्हत्या. तीस वर्षं व्यापाऱ्यांच्या कांदाचाळीत कांदा निवडला, सडका इकडे, कोंब फुटलेला तिकडे. त्यात त्या घासून गेल्या. रेशनच्या दुकानातलं मशीन तिचा ठसा एका दमात कधी घ्यायचं नाही. ती अंगठा पदराला पुसायची, फुंकर मारायची, पुन्हा टेकवायची. मागून विठाबाई ओरडायची, "अगं, लय नखरं करतंय तुझं मशीन!" आणि अख्खी रांग हसायची.

यंदा कांद्याचा भाव पडला. व्यापाऱ्यांनी चाळींना कुलपं घातली. नांदगावकडच्या त्या गावात बायांच्या हाताला काम राहिलं नाही. चूल पेटायची ती रेशनवर. तशात कुसाबाईचा नवरा पुंजा ग्रामसभेत उभा राहिला. "आमचा अंगठा आधी घेता अन् धान्य अर्धंच घालता. उरलेलं आमदार आप्पांच्या फोटोच्या पिशव्यांत भरून त्यांच्या मतदारांना वाटता. खरं का नाय?"

त्याच संध्याकाळी चौघांनी त्याला पाण्याच्या टाकीमागं गाठलं. उजवा हात दोन जागी मोडला. पुंजाने ठाण्यात तक्रार दिली. पहिलं नाव रेशन दुकानदार सुनीलचं.

तेव्हापासून मशीन कुसाबाईला ओळखेना.

"नाय उठत ठसा," सुनील म्हणाला.

"शेठ, दुसरं बोट बघा की."

"दहाच्या दहा बघितली, मावशी. सरकारला तू सापडतच नायस."

मशीनची वायर बोर्डाखाली लोंबत होती. रांगेतल्या सगळ्यांना ती दिसत होती. विठाबाई त्या दिवशी आपल्या चपलांकडे बघत राहिली.

तिसऱ्या आठवड्यात पिठाचा डबा झटकून झाला. सहा वर्षांची नात योगिनी शाळेतली खिचडी दप्तरात लपवून आणायला लागली. "आजोबा, मला नको होती," म्हणायची आणि तो खाताना घासाघासाकडे बघत बसायची. ते पाहून कुसाबाई उठली आणि दुकानात गेली.

सुनीलने आप्पांच्या फोटोची पिशवी तिच्या हातात दिली. "मोबाईलपुढं दोन शब्द बोल. कुणी मारलं नाय, मालक पडला. अन् आप्पांचे उपकार. बस."

"कुठून पडला म्हणू?"

"कुठून पण पाड ना! शिडीवरून म्हण."

पहिल्या खेपेला तिला रडू फुटलं. "रडू नको गं, लोकांना वाटंल आम्हीच मारलं!" दुसऱ्या खेपेला पिशवीवरचे आप्पा उलटे धरले गेले. तिसऱ्या खेपेला आवाज पोचेना. चौथ्यांदा तिने न थांबता सगळं म्हटलं.

"वा मावशी! नाटकात जायला पायजे होतंस तू!" सुनीलने वायर लावली. मशीनने अंगठा पहिल्याच फटक्यात घेतला.

घरी पुंजा डाव्या हाताने चपाती तोडत होता. तिने सगळं सांगितलं.

"आपल्याकडं शिडी कुठंय?"

"नाय."

"छपराचा पत्रा तर हाताला लागतो आपला."

दुसरी चपाती तिने त्याच्या ताटात टाकली.

सकाळी ठाण्यातला जमादार आला, पंचनाम्याला. सोबत सुनील, आणि दोन माणसांच्या खांद्यावर लांबलचक बांबूची शिडी. ती भिंतीला टेकवली तर छपराच्याही वर हातभर गेली.

"कितव्या पायरीवरून पडलास रे?" जमादाराने विचारलं.

पुंजाने कुसाबाईकडे पाहिलं. दारातून आतली आप्पांच्या फोटोची गव्हाची पिशवी दिसत होती.

"चौथ्या," कुसाबाई म्हणाली.

"चढून दाखव. फोटो लागतो."

गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात सांभाळत पुंजा चढला. एक, दोन. शिडी हलली तशी कुसाबाई धावली आणि दोन्ही हातांनी तिने खालून बांबू धरले. तीन. चार.

"आता पडल्यावानी कर," जमादार मोबाईल डोळ्यापुढं धरून म्हणाला.

"थांबा साहेब," सुनील मध्ये पडला. "मावशी, हो बाजूला. फोटोत येतीस. तू शिडी धरली असतीस, तर तो पडला असता का?"

कुसाबाईने वर पाहिलं. पुंजा खाली बघत नव्हता.

तिने हात सोडले.