नाल्यापलीकडचं निवडुंग

आमच्या शेताचा नाल्यापलीकडचा तुकडा मला अजून डोळे मिटले की दिसतो, आणि दिसतो तो पिवळ्या फुलांनी भरलेलाच. पुरुषभर उंच फड्या निवडुंग, त्यावर सांडलेलं ऊन, आणि आत शिरायला सशालाही वाट नाही. आजोबांच्या वेळी कुणीतरी गुरं अडवायला बांधावर चार पानं खोचली होती म्हणे. शेत माझ्या नावावर आलं तोवर तो बांध नेमका कुठे होता हे सांगणारंही कुणी उरलं नव्हतं. मी मास्तर माणूस. रोज सायकलने पांझरा नदी ओलांडून देवपूरच्या शाळेत जायचो. नाल्यापलीकडे बघायला मला सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

ते वावर अक्काने मागितलं. अक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर चारच वर्षांत विधवा होऊन ती माहेरी परतली आणि आमच्याकडेच राहिली. तिला घरात कुणी कधी टाकून बोललं नाही, पण माझ्या बायकोने आग्रह केल्याशिवाय तिने दुसरी भाकर घेतलेलीही मला आठवत नाही. एकदा जेवता जेवता ती म्हणाली, "भाऊ, ते वावर माले दे. तठे निवडुंगच शे, तुले काय कामनं? मी साफ करसू, मना दाणा मी पिकाडसू."

मला हसू आलं. "साफ कर आणि जन्मभर खा," मी म्हणालो, आणि वर्गात म्हणावं तसं वर "शाबास"ही ठोकून दिलं. तिने तो शब्द पक्का धरला आहे, हे माझ्या गावीही नव्हतं.

दिवाळीनंतर ती रोज जाऊ लागली. पुढे दोन फाटे असलेल्या लांब काठीने पान दाबून धरायचं, कोयत्याने तोडायचं, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगावर टाकून जाळायचं. मग कुदळीने बुंधा खणायचा आणि खाली पडलेला तुकडा न् तुकडा टोपलीत वेचायचा, कारण वीतभर पान मातीत राहिलं तरी पावसाळ्यात ते पुन्हा उभं राही. संध्याकाळी मी सायकल हातात धरून पायवाटेने येई तेव्हा नाल्यावर निळसर धूर अंथरलेला असे. उकडलेल्या भाजीसारखा गोडूस वास येई. त्या धुरात अक्का कधी दिसे, कधी विरघळून जाई. मला ते दृश्य फार सुंदर वाटायचं. घरी आल्यावर माझी बायको सुईने तिच्या तळव्यातले काटे काढत बसे, ते मात्र मी बघत नसे.

होळीपर्यंत जेमतेम अंगणाएवढी जागा मोकळी झाली. मग अक्का एका लग्नासाठी जळगावला गेली आणि येताना टोपलीत निवडुंगाचीच चार पानं घेऊन आली. मी कपाळावर हात मारला. ती कशासाठी, हे तिने कुणाला सांगितलं नाही. हसतील, ही भीती. ती पानं तिने गुपचूप आतल्या, हात न पोचणाऱ्या झाडीवर फेकली.

पुढच्या काही आठवड्यांत एका रविवारी मी सहज तिकडे गेलो, तर कडेच्या हिरव्या पानांपर्यंत पांढरा कापूस पसरलेला. बोटाने चिरडला तर लालभडक. कीड! आम्ही पिढ्यान् पिढ्या कपाशी लावणारी माणसं. पानावर कीड दिसली की आमचे हात विचार करायला थांबत नाहीत. ही नाला ओलांडून माझ्या येत्या कपाशीवर आली तर? मी तंबाखूचे देठ उकळले, त्यात साबण कालवला, आणि लांब काठीला बांधलेल्या झाडूने आतपर्यंत शिंपडत दिवसभर त्या निवडुंगाची सेवा केली. संध्याकाळी अक्का आली तेव्हा मी घामाने निथळत होतो आणि स्वतःवर भलताच खूश होतो.

"भाऊ, काय करस हाई!" ती ओरडली. "त्या मना गडी शेतस!"

मग तिने सांगितलं. हा किडा निवडुंगाखेरीज काही खात नाही. जळगावला मेहरूणच्या तलावाकाठी त्याने उभीच्या उभी बेटं पाडली होती, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तिचं वर्ष बुडवलं होतं. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती कोयता उचलून चालू लागली.

पुढच्या रविवारी मी स्वतः तिला जळगावला घेऊन गेलो. तलावाकाठी निवडुंग भिजल्या पापडासारखं लोळलं होतं, पाणी स्तब्ध होतं आणि आम्ही दोघं किडा लागलेली पानं वेचत होतो. परतताना टोपली माझ्या मांडीवर होती. आगगाडीच्या डब्यातली माणसं माझ्यापासून सरकून बसली. अक्का त्या प्रवासात पहिल्यांदा हसली.

त्यानंतर दोन उन्हाळे लागले. आतली झाडी किडा खाई, कडेची अक्का तोडी, वाळलेलं जाळी, उरलेले बुंधे खणी. शेवटी चार बैलांचा नांगर खोल फिरला. मी बांधावर उभा होतो. इतकी वर्षं झाकलेली माती काळीभोर, ओलसर चमकत वर येत होती. मला भान राहिलं नाही. "अक्का," मी म्हणालो, "काय जमीन आहे! यंदा आपण इथे कपाशीच लावू. अलीकडचं आणि हे, सगळं एकच करून टाकू."

नांगर थांबला नव्हता, पण मला सगळं थांबल्यासारखं वाटलं. अक्काने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढला नाही.

"बठ्ठं ले, भाऊ, सगळं ले," ती म्हणाली. "पण मंग मनं निवडुंग माले परत लाई दे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली आणि तलाठ्याकडे जाऊन तो तुकडा तिच्या नावावर लावण्याचा अर्ज दिला. तिने त्या वर्षी ज्वारी पेरली. मी ते वाक्य बोललो नसतो, तर तो अर्ज कधी दिला असता का, हे मी स्वतःला बरेचदा विचारतो. उत्तर मला ठाऊक आहे, म्हणूनच ते तिला कधी सांगितलं नाही.