सूत सांगेल ती हवा

परदेशीपुऱ्यातल्या टपरीवर तो रोज दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. दोस्तांशी गप्पा दोनच: आजची हवा आणि जुने फॅमिली पिक्चर. कापड मिलमधला हा विणकर, मिल बंद पडली तरी मागावरची सवय कायम होती. गमछ्यातलं सूत उपसून तोडायचा. कोरड्या हवेत ते पटकन तुटतं.

गणपतीत चौकात पिक्चर होता. संध्याकाळी आभाळ भरून आलं, दोस्त पडदा उतरवायला धावले. त्यानं गमछ्यातलं सूत ओढलं, ते पटकन तुटलं.

"हवा सूखी आहे. राहू द्या पडदा!"

थेंबही पडला नाही. पडद्यावर हरवलेली मुलं आईला भेटली, अख्खा चौक रडला. हा मात्र ताठ उभा, हसत होता.

"मिलला ताला लागलाय, भिया," मला म्हणाला, "माझ्या बोटांना नाही."