बबनचा बेस आणि माझा भोंगा

"ही म्हैस आता टेम्पोत बसणार न्हाई," शालनताई म्हणाल्या. "जनरेटर घ्यायचाय. लायटीचा काय भरवसा ऱ्हायलाय का?"

म्हैस म्हणजे बबनचा बेस ॲम्प. आळेफाट्याच्या एका ट्रकबॉडीवाल्याकडून पेटी करून घेतलेली, आत दोन दांडगे स्पीकर. उचलायला चार माणसं लागत आणि चौघंही शिव्या देत. शालनताई ऑर्केस्ट्राच्या मालकीणबाई आणि मुख्य गायिका. बबन त्यांचा बेस गिटारवाला, बोरी बुद्रुकचा, घरी ऊस आणि कांदा. मी त्यांचा साऊंडवाला. जुन्नर-आंबेगावच्या जत्रांमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली, तरी अजून ऐकू येतं हे नशीबच म्हणायचं.

"मंग मी वाजवू कशावर?" बबनने विचारलं.

"त्योच इचार चाललाय. कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवतो. मंग येगळा माणूस कशाला?"

बबन गिटारच्या तारा पुसत बसला. शेतीला पाऊस कमी पडला तरी हा माणूस कधी कुरकुरला नाही, पण त्या दिवशी त्याचं तोंड बघवेना. मला तो फार आवडायचा. गर्दीत कधी पुढे यायचा नाही, पण तो वाजवायला लागला की ढोलकीवाल्यालासुद्धा धीर यायचा.

"ताई, पुढच्या जत्रेपर्यंत थांबा," मी म्हणालो. "बघतो काहीतरी."

"बघा राव. मला तरी त्याला घालवायची कुठं हौस हाय?"

उपाय मला ऐकून माहीत होता. ॲम्प नुसता आवाज मोठा करत नाही. तो आवाजाला स्वतःचा रंगही देतो. कुठला गोल करतो, कुठला खरखरीत. या रंगाला आम्ही टोन म्हणतो. तेव्हा पुण्यात नुकतीच अशी पेडलं मिळायला लागली होती, की पायाशी ठेवायच्या एका छोट्या डब्यात चार मोठ्या ॲम्पचे टोन. गिटारची वायर डब्यात, डब्याची वायर माझ्या मिक्सरमध्ये. मग म्हैस घरी राहिली तरी चालेल.

पण पेडल निवडायचं कसं? दुकानात सगळंच गोड वाजतं. आमच्या जत्रेत मात्र स्टेजजवळ दोन बॉक्स आणि लांब मागे भोंगे. आणि शालनताई आवाज तपासतात तो मागे उभं राहून. त्याला कारण आहे. पुढे गावातले पंच बसतात, त्यांनी सुपारी आधीच दिलेली असते. शेजारच्या गावांची कमिटीवाली माणसं मागे चहाच्या गाड्यांशी उभी असतात. पुढच्या वर्षीची सुपारी येते ती तिथून. म्हणजे बबनची नोकरी भोंग्यावर अवलंबून होती.

म्हणून मी भोंगाच पुण्याला नेला. एसटीत मांडीवर भोंगा, पायाशी तो वाजवायचं मशीन. कंडक्टर म्हणाला, "पावणं, इलेक्शन लागलं व्हय?" बबन पूर्ण प्रवासभर खिडकीबाहेर बघत बसला, माझ्याबरोबर नसल्यासारखा.

दुकानदार उतारवयाचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी आधी एक देखणं पेडल काढलं, एकाच ॲम्पचा टोन असलेलं. हेडफोन लावून बबनने वाजवलं आणि डोळे मिटले.

"दादा, हेच. लोण्यावानी लागतंय."

"थांब," मी म्हणालो आणि काउंटरवर भोंगा ठेवला.

"अहो, हे काय?" दुकानदार दचकले.

"आमचे श्रोते," मी म्हणालो.

भोंग्यातून ते लोणी आलंच नाही. नुसतं टकटक. भोंग्याला खालचे जाड सूर काढताच येत नाहीत. बबनचा चेहरा उतरला. पण दुकानदारांना आता चेव चढला होता. त्यांनी आतून दुसरं पेडल आणलं, टोन बदलायचा खटका असलेलं. पहिला टोन गोल, दुसरा करकरीत. तिसरा जुन्या रेडिओसारख्या व्हॉल्ववाल्या ॲम्पचा, घसा बसल्यासारखा खरखरीत.

"सर्दी झाल्यावानी वाजतंय की वो," बबन म्हणाला.

"भोंग्यावर ऐका," दुकानदार म्हणाले.

भोंग्यातून एकेक सूर स्वच्छ निघाला. खरखर असली की जाड सुराचे वरचे अंश तरी भोंग्यातून बाहेर पडतात, उरलेलं कान स्वतः भरून घेतो. धूर दिसला की चूल पेटलीय हे कळतं, तसं. शिवाय मंगल कार्यालयात मोठे स्पीकर असले की खटका फिरवून तो गोल टोन घेता येणार होता. आम्ही तेच घेतलं. दुकानदारांनी भोंगा स्वतः बसस्टॉपपर्यंत आणून दिला.

जत्रा घोडेगावच्या पलीकडच्या एका गावाची. दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून स्टेज केलेलं. दुपारी साऊंड चेक. शालनताई मागे रेवडीवाल्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आधी डाव्या हाताचा बेस झाला, मग बबनचा. थोड्या वेळाने त्या तरातरा पुढे आल्या.

"आवाज झ्याक येतोय. पण ह्यो वाजवतोय कुठं? ढोलकी पुढं, ह्यो मागं. आसं व्हत न्हवतं कधी."

खरंच होतं ते. पंधरा वर्षांत बबनची लय कधी हलली नव्हती. मी त्याच्याजवळ गेलो. त्याला घाम फुटला होता.

"दादा, म्हैस मागं आसली की पोटऱ्यांना आवाज लागायचा. आता मागं कायबी न्हाई. एकलाच उभा हाय आसं वाटतंय."

सगळ्या गावाच्या कानांची सोय मी केली होती, फक्त याची राहिली होती. टेम्पोत एक जुना स्पीकर पडलेला होता. तो ट्रॉलीच्या पत्र्यावर, बबनच्या पुढ्यात उपडा ठेवला आणि त्यात फक्त बेस सोडला.

"चपला काढ," मी म्हणालो.

त्याने काढल्या. एक सूर वाजवला. पत्रा थरथरला. बबनने खाली पायांकडे पाहिलं आणि हसला. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदाच. मग त्याने ढोलकीवाल्याला मान हलवून खूण केली, आणि गाणं असं जागेवर बसलं की चहाच्या गाडीपाशी उभी असलेली परगावची माणसं वळून बघायला लागली. परत मागे जाऊन उभ्या राहिलेल्या शालनताईंनी ती वळलेली पाहिली. गाणं संपेपर्यंत तिथेच थांबल्या, मग स्टेजपाशी आल्या.

"बबन्या, चपला घालू नगंस. आज नगं, आन् पुढल्या जत्रेलाबी नगं."

बबन मान खाली घालून उगीचच गिटार सुरात लावत बसला. ती सुरातच होती.

अजूनही पोरं मला विचारायला येतात, कुठलं पेडल घ्यावं, कुठल्या ॲम्पसारखं वाजतं. मी आधी विचारतो, ऐकणारा कुठे उभा राहणार. मग विचारतो, वाजवणारा कशावर उभा राहणार. दुसऱ्या प्रश्नाला अजून एकानेही सरळ उत्तर दिलेलं नाही.