निकाल बदलायचा हक्क

पूर्णेहून सकाळच्या गाडीने मी परभणीला बियाणे कंपनीत जायचे. प्रयोगशाळेत मी एकटीच. सोयाबीनच्या प्रत्येक लॉटचे दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, आठवड्याने कोंब मोजायचे आणि निकाल कॉम्प्युटरवर भरायचा, हे माझं काम. सगळ्या ऑफिसला पासवर्ड एकच होता, तोही मॉनिटरवर चिकटवलेला.

एका पेरणीत राणीसावरगावचे एक शेतकरी आले. बियाणं उगवलंच नव्हतं. माझ्या वहीत तो लॉट उगवण कमी म्हणून नापास होता, कॉम्प्युटरवर पास. बदल कोणी केला? सगळे एकाच नावाने आत जायचे, त्यामुळे कॉम्प्युटरला तेवढं एकच नाव ठाऊक. मालकांनी सगळ्यांसमोर मलाच जाब विचारला. शेतकऱ्याला दुसरं बियाणं दिलं, पण पेरणीची वेळ निघून गेली होती.

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांना सांगितलं, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड मिळेपर्यंत मी एकही निकाल भरणार नाही. दोन दिवस एकही निकाल भरला गेला नाही. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाले, तुम्हीच करा मग.

सॉफ्टवेअरवाल्यांनी फोनवर सांगितलं, आधी कोणाचं काम काय ते ठरवा. मी एकेकाजवळ बसून लिहून घेतलं. विक्रीवाल्यांना फक्त पास झालेले लॉट दिसावेत, गोदामात फक्त पोत्यांची आवक-जावक भरता यावी. गोदामाच्या काकांना ते लागलं. "एवढी वर्षं झाली, आन् आता माझ्यावर भरोसा न्हाई?"

"काका, उद्या कोणी घोळ घातला तर तुमच्यावर यायला नको, म्हणून करायलेय," मी म्हणाले. दुपारी ते स्वतःचा पासवर्ड घालून घ्यायला आले.

मालकांना मात्र सगळेच हक्क हवे होते.

"सर, तुमाला सगळं दिसंल. निकाल बदलता येणार न्हाई."

"कंपनी माझी हाय."

कोणाला कोणता हक्क, ती यादी मी त्यांच्यापुढे सरकवली. पास-नापास ठरवायचा हक्क मी उत्पादन विभागाच्या मॅडमना दिला होता, स्वतःकडे ठेवला नव्हता. एकदा भरलेला आकडा मलाही खोडता येणार नव्हता. त्यांनी माझी ओळ दोनदा वाचली आणि सही केली.

पुढच्या हंगामात एक मोठा लॉट नापास झाला. माल न्यायला आलेली गाडी दारात उभी होती. मालक स्वतः प्रयोगशाळेत आले आणि पुन्हा तपासा म्हणाले. मी त्यांच्यासमोर नवे दाणे मांडले आणि गाडी रिकामी परत गेली. आठवड्याने ते शेजारी उभे राहून माझ्याबरोबर कोंब मोजू लागले. दुसऱ्यांदाही उगवण कमीच भरली. तो माल त्यांनी तेलाच्या मिलला पाठवायला सांगितला.

राणीसावरगावच्या त्या शेतकऱ्याच्या लॉटचा निकाल कोणी बदलला, ते कधीच कळलं नाही. माझा दोघांवर संशय होता. पुरावा नव्हता, म्हणून मी कोणाचं नाव घेतलं नाही.