चुंबकाचं बोट

सकाळी केर काढताना बोटाला टाचणी चिकटली. बायको जाऊन दोन पावसाळे झाले, तिच्या शिवणकामातल्या टाचण्या अजून फरशीच्या फटींतून निघतात. माझ्या डाव्या अनामिकेत, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढं चुंबक आहे. टाचण्या ते शोधून काढतं. मला नको असल्या तरी.

मुरबाडला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान. पंपांच्या नि पिठाच्या चक्क्यांच्या जळक्या मोटारी उघडण्यात जन्म गेला. काही लोक बोटात चुंबक बसवून घेतात आणि त्यांना विजेची हालचाल जाणवते, असं एकदा मोबाइलवर पाहिलं आणि डोक्यात किडा वळवळला. मुंबईत नाक-कान टोचणारा एक जण तयार झाला. महिनाभर बोट ठणकलं. मग एक दिवस चालू मोटारीजवळ हात नेला, तर बोटाच्या आत काहीतरी थरथरलं. काडेपेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखं. प्रत्येक मोटारीची थरथर निराळी. मिक्सरची चिडकी, पंख्याची आळशी. मी खुळावलोच. पण सांगणार कुणाला? गिऱ्हाइकाला मोटार संध्याकाळपर्यंत हवी असते, बोटातली गंमत नको असते.

घरी आम्ही दोघंच. मूलबाळ नाही. बायको ब्लाऊज शिवायची.

"म्हशाच्या जत्रंत पाठीत गळ टोचून घेतात ते नवसासाठी," ती म्हणाली. "तुमी कुणाचा नवस फेडलाव?"

मी तिचं बोट माझ्या बोटावर ठेवून तिच्या मशिनच्या मोटारीजवळ नेलं. तिने डोळे मिटले, बराच वेळ वाट पाहिली. "मला काय नाय लागत," म्हणाली. मला उगाच वाईट वाटलं. तिने मात्र चुंबकाचा उपयोग शोधून काढला. टाचण्या सांडल्या की हाक यायची, "अवो, बोट आना जरा." मी गुडघ्यांवर बसून फरशीवरून हात फिरवायचो आणि ती वरून हसायची.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. गोळ्यांनी थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, कल्याणला. ही बाई न्हाणीचं दारसुद्धा पूर्ण लावून घेत नसे. "त्या नळकांड्यात मी नाय जायाची," एवढंच धरून बसली. मी चौकशी केली तेव्हा कळलं की सोबतच्या माणसाला पायाशी उभं राहता येतं. तिला म्हटलं, "मी उजव्या पायाचा अंगठा धरून ठेवतो. मशीन बंद होईपर्यंत सोडणार नाही." त्या एका बोलीवर ती तयार झाली.

एमआरआय म्हणजे केवढं तरी मोठं चुंबक, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जन्म चुंबकांतच गेला. पण बोटातला दाणा आता माझ्या अंगाचाच झाला होता. किल्ल्या काढल्या, पट्टा काढला, बोटाची आठवण झाली नाही.

तिला आत निजवलं होतं, डोळ्यांवर रुमाल होता. दारात मशीन चालवणाऱ्या पोराने मला विचारलं, अंगात कुठे धातू? तेव्हा बोट आठवलं. खरं सांगितलं.

"काका, तुम्हाला आत सोडता येणार नाही. बोट फाडून निघेल ते."

आत जाणाऱ्या तिथल्या कामवाल्या मावशीला मी घाईघाईने म्हटलं, "मावशी, तिच्या उजव्या पायाचा अंगठा धरा. सोडू नका. आणि बोलू नका." दार लागलं. मी बाकावर बसलो. आतून ठोके ऐकू येत होते. मिक्सरसमोर थरथरणारं माझं शहाणं बोट तिथे निपचित होतं.

ती बाहेर आली ती हसतच. मी जरा आधी बाहेर आलो असणार असं तिने धरलं.

"तुमी व्हताव म्हणून झालं," ती म्हणाली. "एकदापन सैल नाय सोडलाव."

मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि ती चादर बदलायला वळली. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "चल, चहा घेऊ."

पुढे ती सगळ्यांना सांगत सुटली. शहापूरच्या बहिणीला, ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायांना. आमच्या ह्यांनी असा अंगठा धरलेला. मी हत्यारांच्या पिशवीत डोकं घालायचो. चुंबक काढून टाकावं असं अनेकदा मनात आलं. पण काढलं असतं तर का काढलं ते सांगावं लागलं असतं.

रिपोर्ट वाईट होता. भातकापणी सुरू झाली तोवर तिने अंथरूण धरलं होतं. एका दुपारी तिने डोळे उघडले.

"अंगठा धरा."

मी पायाशी जाऊन धरला.

"असा नाय. त्या दिवशी धरलाव तसा धरा."

मी घट्ट धरला. मग हलका धरला. दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन पाहिला. प्रत्येक वेळी ती थोडी वाट बघायची, डोळे मिटून, शिवणाच्या मशिनच्या मोटारीपाशी पाहिली होती तशीच.

"असा नाय वो," ती म्हणाली, आणि पाय हळूच पांघरुणात ओढून घेतला.