बार्शीला जाणाऱ्या भाकरी

सोलापुरातला मोठा दवाखाना आमच्या भवानी पेठेतून रिक्षात बसलं की आलाच. तरी एचआयव्हीच्या गोळ्या आणायला मी दर महिन्याला एसटीनं बार्शी गाठायची. गल्लीत सांगायची, कडक भाकरी पोचवायला चालले. भाकरी आणि शेंगाचटणीवर माझं घर चालतं. आजार कळला असता तर त्या भाकरीला कुत्र्यानंही तोंड लावलं नसतं.

बार्शीच्या दवाखान्याच्या रांगेत संशोधन करणारी एक मुलगी यायची. फार गोड बोलायची, म्हणून मला तिचा जास्तच संशय. पाणी कुठंतरी मुरतंय, असं वाटायचं. येण्याजाण्याचा त्रास होतो का, असं तिनं विचारलं. खरं सांगायला मी काय दूधखुळी होते? "एसटीनं कंबर मोडते की," असं रडगाणं मी गायलं. रांगेतल्या सगळ्यांनीच तेच गायलं.

काही महिन्यांनी ती परत आली. आरोग्य खात्याच्या साहेबांपुढे काय मांडणार, ते तिनं आधी आम्हाला ऐकवलं. प्रवासानं माणसं थकतात, म्हणून ज्याच्या त्याच्या गोळ्या घराजवळच्या आरोग्य केंद्रात ठेवाव्यात.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमच्या पेठेतल्या केंद्रातली नर्स चटणी माझ्याकडूनच नेते.

"आगं बाई, लांब हाय म्हणून तर हितं येतो की आमी!" मी ओरडलेच. "जवळ दिल्यास तर गोळ्या सोडू, पर तितं न्हाय जाणार."

"मग मावशी, कंबर मोडते म्हणालात ते?"

"तुला कशाला खरं सांगू? तू कोण?"

रांगेतून "व्हय की, व्हय की" सुरू झालं. तिनं आपलं म्हणणं बदललं. साहेबांना म्हणे आमचेच शब्द ऐकवले. पुढे ठरलं, ज्याला जिथं सोयीचं तिथंच गोळ्या मिळतील, त्याही तीन महिन्यांच्या एकदम. बाकीच्यांनी तिला दुवा दिला. मी दिला नाही. आमचे शब्द सांगितले तर माझं नावही सांगितलं असेल, या धास्तीनं मला अन्न गोड लागेना.

मग एका दुपारी ती माझ्याच दारात उभी. शेजारीण उंबऱ्यात बसलेली. आता ही ओळख काढणार आणि सगळं संपणार.

"मावशी, कडक भाकरी इथंच मिळतात ना?"

तिनं पुडकं घेतलं. त्यातली एक भाकरी तिथंच मोडून चटणीशी खाल्ली आणि निघाली.

"वळखीची हाय का गं?" शेजारणीनं विचारलं.

"न्हाय बा."

ती कोपऱ्यावर पोचेपर्यंत मी बघत राहिले. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. तेव्हा कुठं माझा तिच्यावर विश्वास बसला.